वरकसात पसरलेलं हे काटेरी झाड कोणतं? गुरांचं गवत चाललंय, उपाय सांगा

माळशेजचा_पायथा
नमस्कार मंडळी. मी राहतो कळव्याला, पण घर मुरबाड तालुक्यात, तिथे आईबाबा आणि दादा-वहिनी असतात. गाई-म्हशी आहेत आणि भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला आमचं वरकस आहे, दिवाळीच्या आगेमागे गवत कापून गंजी लावायची आणि मग त्या माळावर गुरं सोडायची, आजोबांच्या वेळेपासून असंच चालत आलंय. मागच्या काही हिवाळ्यांपासून तिथे एक काटेरी झाड दिसायला लागलं, आधी फक्त कडेला रस्त्याजवळ होतं, आता अर्ध्या माळावर आहे. पानं हिरवी-निळसर, शिरांवर पांढरे पट्टे, कडेला काटे, देठालाही काटे, गुरं जवळपासचं गवत खातात पण त्याला तोंड लावत नाहीत. आता माघ संपत आलाय आणि फुलं सुरू झालीयेत.

मोबाईलच्या ॲपवर फोटो टाकला तर एकदा मिल्क थिसल म्हणतं, एकदा बुल थिसल. थिसल म्हणजे तिकडची काटेरी तणं, त्यांचे परदेशातले बरेच व्हिडिओ बघितले, त्यात एक जण सांगतोय की उपटू नका, मुळाचे तुकडे राहिले की दुप्पट येतं, दुसरा म्हणतो फक्त फवारणी हाच उपाय. दादा म्हणतोय तणनाशक मारून मोकळं होऊ, बाबांचा ठाम विरोध आहे कारण खालच्या खाचरात वाल आणि हरभरा उभा आहे. मला खरंच कळत नाहीये काय करावं. आणि मुख्य म्हणजे गुरांच्या पोटात थोडंफार गेलं तर दुधाला काही होतं का? घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारतोय.

खारघरची_रानवाट
दादा, आधी झाड कोणतं ते पक्कं करू या, औषधाचं नंतर बघू. ॲपवर भरवसा ठेवू नका, पांढऱ्या शिरांची काटेरी पानं दिसली की त्यांचा गोंधळ होतो. मिल्क थिसल मूळचं भूमध्य समुद्राकडचं आहे, त्याला जांभळी फुलं येतात आणि चीक पिवळा नसतो, मुरबाडच्या माळावर ते आपोआप येऊन पसरलं असेल असं मला वाटत नाही. घरच्यांना एक काम सांगा, एक देठ मोडायचा आणि चिकाचा रंग बघायचा. आणि फुलाचा रंग कळवा. एवढ्यावर जवळजवळ सगळं ठरतं.

तोपर्यंत आपल्याकडच्या काटेरी मंडळींबद्दल सांगते, कारण लोक सगळ्यांना एकाच मापाने उपटून टाकतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. काटेचेंडू म्हणजे उंटकटारी, ही आपली अस्सल देशी, आणि खऱ्या थिसलच्याच कुळातली. तिचं फूल म्हणजे गोल चेंडू, पांढुरकं, चहूबाजूंनी काटे, आणि पानाची खालची बाजू कापसासारखी पांढरी. घाट चढून जुन्नरकडे गेलात की कोरड्या माळांवर भरपूर दिसते. मधमाश्या, फुलपाखरं त्यावर सारखी असतात. ती माळाची मूळ रहिवासी आहे, तिला हात लावायचं कारण नाही. काटेरिंगणी जमिनीलगत पसरते, लांब पिवळे काटे, जांभळं फूल, आणि पट्टेदार फळं जी पिकली की पिवळी होतात, तीही देशीच. तालीमखाना ओलाव्याला, नाल्याच्या कडेला, भाताच्या बांधाजवळ येतो, त्याचे काटे पेरांपाशी असतात आणि फूल निळं-जांभळं. या तिघांतल्या कोणाचाही चीक पिवळा नसतो.

माळशेजचा_पायथा
ताई, दादाला लगेच फोन केला. चीक पिवळाधमक, बोटाला लागला तर हळद लागल्यासारखं दिसतंय म्हणाला. फूलही पिवळं, पाकळ्या कागदासारख्या पातळ. काही झाडांना काटेरी बोंडं धरली आहेत, एक फोडून बघितलं तर आत बारीक पांढरट दाणे होते, काळे नाहीत अजून.

खारघरची_रानवाट
मग शंकाच नाही, पिवळा धोत्रा. काही भागांत बिलायत म्हणतात, हिंदीत सत्यानाशी. शास्त्रीय नाव आर्जेमोन मेक्सिकाना, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, आणि काटे असले तरी थिसल नाहीच, अफूच्या कुळातलं झाड आहे. आमच्याकडे खारघर, उलवे भागात जिथे जिथे भराव टाकलेले मोकळे प्लॉट आहेत तिथे पावसाळा संपला की हेच उगवतं. तुमच्याकडे रस्त्याजवळून सुरुवात झाली म्हणताय, तर तिथे बाहेरून माती, रेती किंवा मुरूम आणून टाकला होता का ते विचारा. बी मातीतून आणि पाण्याच्या ओघळातून फिरतं.

दाणे अजून पांढरट आहेत ही फार चांगली बातमी आहे, म्हणजे बी पिकलेलं नाही. पुढचं इथले जाणकार काका सांगतीलच, ते कृषी खात्यात होते.

बदलापूरचे_काका
आलो. आधी तुमच्या मनातली भीती काढतो, ती उपटायची. ते व्हिडिओ ज्या झाडाबद्दल आहेत ते बहुवर्षायू आहे, त्याची मुळं जमिनीखाली आडवी पळतात. पिवळा धोत्रा वर्षायू आहे. पावसाळ्याच्या शेवटी, थंडी सुरू होताना उगवतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, उन्हाळ्यात बी टाकून वाळून जातो. खाली एकच सोटमूळ. म्हणजे या वर्षीचं झाड पुढच्या वर्षी नसतंच, पुढच्या वर्षी येतं ते बियांमधून. एका बोंडात शेकड्याने बिया, एका झाडाला हजारो, आणि सगळ्या एकाच वर्षी उगवत नाहीत, बऱ्याच मातीत झोपून राहतात आणि पुढे कित्येक वर्षं थोड्या थोड्या वर येत राहतात. त्यामुळे सगळी लढाई एका गोष्टीची आहे, बोंड पिकू द्यायचं नाही. हे एक सांभाळलंत तर बाकी सगळं दुय्यम आहे असं मी ठामपणे सांगतो.

आत्ता काय करायचं ते ऐका. बोंडं हिरवी आहेत तोवर एखादा आठवडा सगळ्यांनी मिळून माळ पिंजून काढा. जाड चामडी हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट, आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कुदळीने किंवा अरुंद फावड्याने जमिनीच्या पातळीखाली दोन-तीन इंच मूळ तोडायचं आणि झाड बाहेर काढायचं. कोयत्याने वरच्यावर छाटू नका, तसं केलं की बुंध्यातून चार फांद्या फुटतात, झाड बुटकं राहतं आणि खालच्या खाली बोंडं धरतं, मग ते गवतात दिसतही नाही. सगळ्यात आधी बोंडं असलेली झाडं उचला, फक्त पानांवर असलेली मागून घेतली तरी चालेल.

काढलेली झाडं माळावर पडू देऊ नका. बोंडं जरा भरलेली असली तर उपटल्यावरही आतलं बी पिकत राहतं आणि बोंड टोकाला उलून दाणे सांडतात. पोत्यात भरून आणा, माळाच्या बाहेर एक खोल खड्डा काढा आणि वर भरपूर माती टाका, आणि तो खड्डा नंतर कधी उकरू नका. उकिरड्यात अजिबात टाकू नका, नाहीतर शेणखताबरोबर तेच बी तुम्ही स्वतः प्रत्येक खाचरात पोचवाल. एक जण मागे विचारत होता की वाळवून राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, वापरू का. माझं मत नको. राब भाजताना वरवरचं बी मरेलही पण वाळलेली झाडं माळावरून खाचरापर्यंत नेताना सगळ्या वाटेवर बी सांडणार त्याचं काय.

आता फवारणीचं. तुमचे बाबा बरोबर आहेत. टू फोर डी हे तणनाशक रुंद पानांच्या तणावर चालतं आणि गवताला सहसा काही करत नाही, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. पण ते काम करतं रोपं लहान असताना, पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात तेव्हा. आता फुलावर आलेल्या झाडाच्या पानावर मेणासारखा थर असतो, औषध नीट शोषलं जात नाही, झाड वाकडंतिकडं होतं पण बोंडं पिकवून जातं. आणि वाल, हरभरा, टोमॅटो, वांगी, मिरची ही सगळी रुंद पानांची पिकं, वाऱ्याने तुषार गेला तरी पानं मुरडतात. त्यातही या औषधाच्या एस्टर प्रकाराची वाफ उडते, दुपारच्या उन्हात तर जास्तच. तुमचा वाल खालच्या अंगाला आहे म्हटल्यावर मी तरी हात लावणार नाही. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, फवारलेलं विषारी झाड कोमेजताना कधी कधी गुरांना चवीला बरं लागतं, एरवी न खाणारी गुरं तेव्हा खातात. म्हणून फवारलेल्या माळावर गुरं सोडायची नाहीत, लेबलवर दिलेला काळ पाळायचा.

भिवंडी_तबेला
काका मी गवत विकत घेणारा माणूस आहे, माझं मत वेगळं आहे. माणसं मिळत नाहीत हो, मजुरी परवडत नाही, ग्लायफोसेट तणनाशक मारला की एका दिवसाचं काम, थोड्या दिवसांत माळ साफ. आमच्या ओळखीतल्यांनी तेच केलं. बाकी गवतात काटे आले की म्हशी पूर्ण भारा टाकून देतात हे खरं आहे, आम्ही असा माल परत पाठवतो, त्यामुळे भाऊ तुम्ही लवकर काहीतरी करा, एकदा माल परत आला की व्यापारी पुढच्या वर्षी त्या गावाकडे वळत नाही.

बदलापूरचे_काका
भाऊ, तुमची अडचण समजते, मजुरांचा प्रश्न खरा आहे. पण ग्लायफोसेट गवतही मारतो. माळ साफ होतो म्हणजे गवतासकट साफ होतो, आणि पिवळ्या धोत्र्याला हवी असते ती नेमकी उघडी जमीन. बी तर मातीत तसंच असतं, पुढच्या थंडीत मोकळ्या जागेवर आधी तेच वर येतं. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीटक नियंत्रण चालकांमार्फतच करायचा असं ठरवलं, म्हणजे कोणीही पंप पाठीला लावून मारायचा प्रश्नच येत नाही. गवत विकायचं आहे, गवतच मारून कसं चालेल?

वायकाटोतला_ऐरोलीकर
मी ऐरोलीचा, काही वर्षं न्यूझीलंडमध्ये डेअरी फार्मवर काम करतो, म्हणून त्या व्हिडिओंबद्दल लिहितो. इथे ज्याला कॅलिफोर्नियन थिसल म्हणतात, अमेरिकेत कॅनडा थिसल, सिर्सियम आर्वेन्से, त्याची मुळं खरोखरच आडवी पसरतात आणि बोटभर तुकडाही पुन्हा फुटतो. नांगर घातला की एका जागेचं चार जागी होतं. म्हणून इथे उपटत नाहीत, तर पुन्हा पुन्हा कापून मुळातला साठा संपवतात. पाऊस पडत असताना कापायची पद्धतही आहे, त्याने देठाच्या उघड्या जखमेतून बुरशीचा रोग शिरतो. २००७ पासून इथे त्यावर एक हिरवा भुंगाही सोडला आहे. पण बुल थिसल, मस्क थिसल हे द्विवर्षायू आहेत, त्यांना सोटमूळ असतं, ते मात्र कुदळीने मुळाखालून तोडले की मरतात. म्हणजे थिसलमध्येच दोन तऱ्हा आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की काम वाढतं, हे मी इथे डोळ्यांनी बघतो.

भुंगे वगैरे ऐकून कोणी म्हणेल आपणही आणू, तर त्यात खूप जपावं लागतं. अमेरिकेत १९६० च्या दशकात मस्क थिसलसाठी युरोपातून एक सोंडेकिडा आणून सोडला, त्याने काम केलं पण नंतर तो तिथल्या देशी थिसलच्या फुलांमध्येही शिरला. ताई वर उंटकटारीबद्दल म्हणतायत ते मला म्हणूनच फार पटलं.

एक गोष्ट मात्र इकडची तिकडे लागू पडते. जिथे कुरण दाट असतं तिथे थिसल कमी, जिथे गुरांनी खुरटून जमीन उघडी पाडली तिथे जास्त. गेटजवळ, पाण्याच्या टाकीभोवती, सावलीच्या झाडाखाली, नेहमी तिथूनच सुरुवात होते.

माळशेजचा_पायथा
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दादाला सगळं वाचून दाखवलं, तो फवारणीचं सोडून द्यायला तयार झालाय. मातीचं विचारलं तर खरंच, रस्त्यालगत एकाने फार्महाऊसच्या प्लॉटसाठी मातीचे ट्रक खाली केले होते, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हे सुरू झालं असं बाबांना आठवतंय. आता दोन प्रश्न राहिले. गंजीतलं गवत गुरांना घालू ना? आणि गावातले एक आजोबा म्हणतात की हे औषधी आहे, चीक खरजेवर लावतात, बी कुटून गुरांनाही देतात, तर पूर्ण काढून टाकू नका.

ठाणे_पशुवैद्य
मी गुरांचा डॉक्टर आहे, या दोन्हींवर लिहितो. गंजीतलं गवत दिवाळीच्या सुमारास कापलेलं आहे ना, तेव्हा ही झाडं उगवलेली नव्हती किंवा अगदी इवलीशी होती, त्यामुळे त्या गवतात धोका फारसा नाही, बिनधास्त घाला. लक्ष ठेवायचं ते वालाच्या आणि हरभऱ्याच्या भुसकटावर. खाचराच्या कडेला पिवळा धोत्रा असेल आणि कापणीत तो बरोबर आला तर खळ्यावर त्याचं बी भुशात मिसळतं, हिरवं काटेरी झाड गुरं टाळतात पण भुशातलं बी त्यांना निवडता येत नाही. म्हणून मळणीच्या आधी पेंढ्यांमधून ही झाडं वेगळी करा, भुसा चाळून घ्या, आणि धान्य चाळून उरलेला कचरा कोंबड्यांना टाकत असाल तर तोही बघून टाका.

औषधाचं म्हणाल तर मी हात जोडून सांगतो, गुरांना किंवा माणसांना हे बी देऊ नका. त्यात सँग्विनरिन नावाचा विषारी घटक असतो. बी दिसायला मोहरीसारखं, आणि ते मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की माणसांच्या पायांवर सूज येते, दम लागतो, हृदयावर परिणाम होतो. १९९८ साली दिल्लीत याच भेसळीने हजारो लोक आजारी पडले आणि साठहून जास्त माणसं दगावली. आजोबांचा मान राखून त्यांना हे समजावून सांगा. खरजेसाठी जनावर दवाखान्यात दाखवा, चांगली औषधं मिळतात. दुधाबद्दल म्हणाल तर गुरं हे झाड खातच नसतील आणि खाणं-रवंथ नीट चालू असेल तर घाबरू नका, मात्र एखादं जनावर अचानक खायचं बंद झालं, पायाला किंवा गळ्याखाली सूज दिसली तर त्याचं दूध बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा, आणि भुशाचा नमुना दाखवायला ठेवा.

बदलापूरचे_काका
डॉक्टर, भुशाचं फार महत्त्वाचं सांगितलंत. आता मी पुढच्या वर्षाचं बोलतो, कारण या वर्षी माळ साफ दिसला की लोक विसरतात. पायथा भाऊ, गवत कापून झालं की नोव्हेंबरपासून दर पंधरवड्याला माळावर एक फेरी मारायची, रोपं तेव्हा बशीएवढी असतात, निळसर पानं आणि पांढरे पट्टे लांबून ओळखू येतात, खुरप्याने एका झटक्यात निघतात. थंडीभर नवी नवी येत राहतील, कंटाळायचं नाही. चार-पाच वर्षं हे नेमाने केलंत तर वैताग कमी कमी होत जातो. फेरीला गुराखी मुलगा, वहिनी, बाबा, जो जाईल त्याच्या हातात खुरपं असू द्या.

आणि जिथून झाडं काढाल ती जागा उघडी ठेवू नका. पहिल्या पावसात तिथे मारवेल किंवा पवन्या गवताची ठोंबं लावा, तुमच्याच माळाच्या चांगल्या भागातून उचललीत तरी चालतील, मधून मधून स्टायलो हे चाऱ्याचं पीक टाका, त्याच्या बियाला कडक कवच असतं म्हणून पेरायच्या आधी थोडा वेळ गरम पाण्यात ठेवावं लागतं. स्टायलो द्विदल आहे, तिथे पुढे कधीही टू फोर डी मारायचं नाही हे दादाला आत्ताच सांगून ठेवा. चाऱ्याच्या बियाण्यासाठी पंचायत समितीतल्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कर्जतलाही केंद्र आहे, तिथे विचारता येईल. सगळ्यात खराब तुकडा एक पावसाळा गुरांसाठी बंद ठेवता आला तर बघा, एका हंगामात गवत केवढं दाटतं ते दिसेल.

खारघरची_रानवाट
काका, त्या फार्महाऊसच्या प्लॉटचं काय? तिथे झाडं तशीच राहिली तर दर पावसाळ्यात ओघळाने बी यांच्याकडे येणारच.

बदलापूरचे_काका
बरोबर, तेच लिहिणार होतो. त्या मालकाला भेटून सांगा, भांडायला जाऊ नका, बहुतेकांना हे झाड काय आहे तेच माहीत नसतं, पिवळी फुलं बघून उलट राखून ठेवतात. लहान मुलं बोंडं हाताळतात, बी विषारी आहे एवढं सांगितलं की ऐकतात. तो येत नसेल तर परवानगी घेऊन तुम्हीच काढा, तुमचाच फायदा आहे. आणि गावच्या गुरचरणावर हे दिसत असेल तर ग्रामसभेत विषय मांडा.

माळशेजचा_पायथा
गुरचरणावर आहे काका, नाल्याच्या कडेने. बाबा सरपंचांशी बोलतो म्हणालेत. प्लॉटच्या मालकाचा नंबर मिळालाय, ते ठाण्यातच राहतात, त्यांना आज संध्याकाळी फोन करतो. या शनिवार-रविवारी मी आणि चुलतभाऊ गावी जातोय, हातमोजे इथूनच घेऊन जाणार. बोंडं असलेली झाडं आधी. काढून झालं की माळाचे फोटो टाकतो, ताई तुम्ही बघून सांगा, वरच्या कातळाजवळ गोल चेंडूवालं एक-दोन झाड आहे असं दादा म्हणतोय, ते उंटकटारीच असेल तर तसंच ठेवू.

खारघरची_रानवाट
नक्की टाका. पानाच्या खालच्या बाजूचा फोटो पण काढा, तेवढ्यावरून सांगता येईल.